गेलो, आलो

या वेळच्या भारतवारीत माझ्याकडून एक चूक झाली. तशी अगदी साधी. डिसेंबरात डोंबिवलीला पोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एडिसनला बायकोशी फोनवर बोलत होतो. तिची सकाळची घाई चालली होती. बोलता बोलता म्हणालो, "अगं, एकवीसला रात्रीचं विमान आहे, बावीसला सकाळी घरी येतो." फोन ठेवला. आई समोरच पोळ्या लाटत होती. ती काही बोलली नाही, पुढचा गोळा घेतला. बाबांनी मात्र पेपरातून मान वर केली आणि म्हणाले, "तुझंही झालं वाटतं?"

मला वाटलं, फोन झाला का असं विचारतायत. म्हटलं, "हो, झालं."

ते काय विचारत होते हे मला पुढच्या आठवड्यात कळलं, तेही एका वहीमुळे. तर ही गोष्ट त्या वहीची.

आमची बिल्डिंग १९७१ सालची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आणि आईबाबा तिसऱ्या मजल्यावर. डोंबिवलीत त्या काळात उभ्या राहिलेल्या बहुतेक बिल्डिंगांचं आता जे होतंय तेच आमच्याही बिल्डिंगचं होणार आहे. पाडून तिथे टॉवर. सोसायटीच्या सभांमध्ये तीन वर्षं भांडणं झाली, आता एकमत झालंय, आणि मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट वगैरे कागद काढून द्यायचे होते. या वेळी मी गेलो तो मुख्यतः त्यासाठीच. बाबा ८४ वर्षांचे, आई ७९ची. दोन-तीन वर्षं भाड्याच्या जागेत राहायचं आणि मग नव्या घरात जायचं, असं बिल्डरचा माणूस हसत हसत सांगून गेला. ते गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बघू या कोण कोण जातंय ते."

कागद शोधताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. करारनामा तळाशी होता. त्याच्या वर, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे उधारीला असते तशी एक वही. वर काही लिहिलेलं नाही. आत बाबांचं ते घोटीव अक्षर. पहिली नोंद मे १९६२ची: "घरी गेलो. बोटीने जैतापूर." खाली पंधरा दिवसांनी: "मुंबईस आलो." मग गणपती, मग पुढचा मे. पानंच्या पानं नुसतं हेच. गेलो, आलो. मध्ये कधी "अप्पांना चष्मा नेला", "आईला दमा", "माडीची कौलं बदलली". शेवटची नोंद १९८९ची. त्या साली आजी गेली.

बाबा राजापूर तालुक्यातले. १९६१ साली मॅट्रिक होऊन मुंबईला आले, गिरगावात एका नातेवाइकांच्या खोलीत पथारी टाकायला जागा मिळाली, आणि फोर्टात कारकुनी. कोकणात अशा माणसाला चाकरमानी म्हणतात. शब्दात थोडा मान आहे, थोडी थट्टा आहे, आणि ऐकून घ्यायची सवय असेल तर थोडं दुःखही आहे. वर्षाकाठी एकदा-दोनदा येणारा, येताना पेटी भरून आणणारा, जाताना गोणी भरून नेणारा, आणि गावच्या प्रत्येक कामात "तो आल्यावर बघू" असं ज्याच्यावर ढकललं जातं तो.

मला लहानपणापासून हा शब्द माहीत होता, पण तो केवढा जुना आहे याचा विचार कधी केला नव्हता. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापली, आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. तिच्या मागोमाग ज्या गिरण्या आल्या त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होत गेली. म्हणजे रिकामी झाली ती तरुण पुरुषांची. म्हातारे, बायका आणि पोरं तिथेच. एका खोलीत एकाच गावचे वीस-वीस गडी पाळीपाळीने झोपायचे. शेती थोडी, ती पुरायची नाही, आणि सोडवायचीही नाही. त्यामुळे घर तिथे, पोट इथे अशी व्यवस्था लागली, आणि ती चालू राहावी म्हणून काही यंत्रणा लागल्या. एक म्हणजे मनीऑर्डर. पोस्टाने ती १८८० साली सुरू केली, आणि कोकणातल्या कितीतरी चुली पुढची शंभर वर्षं तिच्यावर चालल्या. दुसरी म्हणजे आगबोट.

बोटीचा प्रवास बाबा अजून रंगवून सांगतात. भाऊच्या धक्क्यावर आदल्या दिवसापासून सामान टाकून रांग धरायची. डेकवर सतरंजी पसरायची. जैतापूरला बोट बाहेर उभी राहायची, पडावात उडी मारायची, आणि मग खाडीतून मचव्याने वर. सगळं खरं, पण वहीत एक गोष्ट दिसते ती ते सांगत नाहीत. जून ते ऑगस्ट एकही नोंद बोटीची नाही. लांब पल्ल्याच्या बोटी पावसाळाभर बंद असायच्या. मुंबईजवळच्या फेऱ्या तेवढ्या चालत, आणि त्यांचंही काय होऊ शकतं ते सगळ्या कोकणाला ठाऊक होतं. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. सणाला घरी निघालेली माणसं. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. बोट त्यांच्या बाजूची नव्हती, तरी गावात आठवडाभर कुणी धड जेवलं नव्हतं, असं त्यांना आठवतं.

आता डोंबिवली. गिरगावातून बाबा इथे का आले? मी कधी विचारलंच नव्हतं, जणू काही माणसं डोंबिवलीला येतातच. आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, पुढच्या वर्षी मे महिन्यात ती कल्याणला पोचली. ठाणे आणि कल्याण ही जुनी बंदरं, बाजाराची गावं, त्यांना स्टेशन मिळालं. डोंबिवलीवरून गाडी नुसती जायची. इथे स्टेशन झालं ते १८८७ साली. त्यानंतरही कितीतरी वर्षं हे एक खेडंच होतं. त्याला गाव केलं ते मुंबईच्या जागेच्या टंचाईने. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठली, तशी नवी भाड्याची घरं कुणी बांधेना, आणि जुन्या खोलीला पागडी मागायला लागले. कारकुनाने पागडी आणायची कुठून? मग १९६३ साली ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला. प्रॉव्हिडंट फंड, सोसायटीचं कर्ज, बायकोच्या पाटल्या असं जमवून लोकलच्या रुळांकडेला जिथे परवडेल तिथे माणसं जागा घेऊ लागली. डोंबिवलीला परवडायचं. गाडी फास्ट असली तर तासाभरात व्ही.टी. शं. ना. नवरे आमच्याच गावचे, २०१३ साली ते गेले तोवर इथेच राहिले. त्यांच्या कथांमधली माणसं ती हीच: सभ्य, काटकसरी, पोळी-भाजीचा डबा घेतलेली.

(पारसिकचा बोगदा १९१६ साली झाला. लहानपणी फास्ट गाडीने जाताना तो येईपर्यंत श्वास रोखून धरायचा आणि संपेपर्यंत सोडायचा नाही, असा आमचा खेळ होता. मी कधीच जिंकलो नाही. सव्वा किलोमीटरच्या वर लांब आहे तो.)

सांगायचा मुद्दा असा की आमच्या बिल्डिंगमधल्या सोळाही घरांत कुणी ना कुणी म्हातारं माणूस मागे सोडून आलेलं होतं. कुणाचे आईवडील राजापूरला, कुणाचे वाईला, कुणाचे जळगावला. मे महिन्यात जिन्यात शुकशुकाट व्हायचा. कुणी आजारी असल्याचं पत्र आलं की सोळा घरांना कळायचं. आता त्याच सोळा घरांपैकी अकरांत म्हातारी माणसं आहेत आणि त्यांची मुलं सनीव्हेल, सिडनी, फार तर पुणे. जिन्यात शुकशुकाट बारा महिने.

परत वहीकडे येतो. सुरुवातीची पानं मी नुसती चाळली होती, मग रात्री झोप येईना म्हणून (पहिला आठवडा ती येतच नाही) सगळी वाचून काढली. आणि एक गोष्ट दिसली. १९६२ पासून दर नोंदीत "घरी गेलो" आणि "मुंबईस आलो" असंच आहे. १९७१ साली डोंबिवलीची जागा झाली, लग्न झालं, तरी मे १९७२ मध्ये "घरी गेलो" आणि "डोंबिवलीस आलो". त्याच वर्षी गणपतीत: "गावी गेलो." आणि दहा दिवसांनी: "घरी आलो."

त्यानंतर पुन्हा कधीही "घरी गेलो" नाही. पुढची सतरा वर्षं "गावी गेलो, घरी आलो".

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी ती दोन पानं बाबांसमोर धरली. त्यांनी भिंग घेऊन नीट वाचलं. मग म्हणाले, "मला हे तेव्हाच दिसलं होतं. लिहून झाल्यावर. खोडावंसं वाटलं, पण शाई होती." थोडा वेळ गेला. "तुझं किती वर्षांनी झालं? पंचवीस? माझं अकरांतच झालं."

तेव्हा मला त्या संध्याकाळचा प्रश्न कळला.

आजी एकदा सहा महिन्यांसाठी म्हणून डोंबिवलीला आली होती. मी पाच-सहा वर्षांचा असेन. तीन आठवड्यांत परत गेली. तिचं म्हणणं एकच होतं: इथे आंघोळीचं पाणी नुसतं मोरीतून जातं, एका माडाच्या मुळाशी पडत नाही. आम्ही हसायचो. ती मात्र रोज न्हाणीत बादलीभर पाणी कमी घ्यायची, कारण वाया जाणारं पाणी अंगावर घ्यायला तिला पटत नव्हतं. आईबाबा २००७ साली आमच्याकडे एडिसनला सहा महिन्यांसाठी आले होते. चार महिन्यांत परत गेले. आईचं म्हणणं होतं की इथे दाराची बेल कधी वाजतच नाही.

१९७६ची पानं वेगळी आहेत. जुलैत एक नोंद: "अप्पांना बरं नसल्याचं पत्र. रजेचं पाहणे." आठ दिवसांनी पुन्हा: "रजेचं विचारलं नाही." ते दिवस आणीबाणीचे. सरकारी ऑफिसांत हजेरीचा केवढा धाक होता हे त्या वेळी नोकरीत असलेल्या कुणालाही विचारावं. गाड्या वेळेवर धावत होत्या, असं अजूनही काही लोक कौतुकाने सांगतात. कारकून साहेबासमोर जाऊन वडील आजारी आहेत म्हणून आठ दिवस द्या, असं म्हणायला कचरत होते, हे त्या कौतुकात येत नाही. पण बाबांनी "नाकारली" असं लिहिलेलं नाही. "विचारलं नाही" असं लिहिलं आहे. १४ ऑगस्टला तार आली. फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली. तारेची भाषा ठरलेली असे, आणि तिचा अर्थही ठरलेला असे. सीरियस म्हणजे गेले. पावसाळा, बोट नाही. रात्रीची एस.टी. धरली, वाटेत नदीला पूर, गाडी सहा तास उभी. पोचले तेव्हा अप्पांना नेऊन दुसरा दिवस झाला होता. वहीत एवढंच: "गावी गेलो. उशीर."

तार आता बंद झाली. जुलै २०१३ मध्ये सरकारने ती सेवा संपवली तेव्हा पेपरांत भावुक लेख आले होते, लोकांनी आठवण म्हणून शेवटच्या दिवशी रांगा लावून तारा केल्या. बाबांना म्हटलं, तुम्ही पण करा एक. म्हणाले, "माझी करून झाली."

आमच्या इथे परदेशी जाण्या-येण्याची गोष्ट निघाली की कल्याणचे लोक लगेच आनंदीबाईंचं नाव काढतात, आणि ते बरोबरच आहे. कल्याणच्या जोशांची यमुना, जन्म १८६५, नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव पोस्टात. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने एकट्या निघाल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या एम.डी. झाल्या. शाळेत आम्हाला गोष्ट इथेच संपवून सांगायचे. टाळ्या. मला मात्र इथे राहायला आल्यापासून तिचा शेवटचा भागच जास्त आठवतो.

जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं होतं. आपण का जातोय हे सांगताना त्यांनी हेही सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन इथे राहीन. हे आश्वासन द्यावं लागत होतं, कारण जाणारा परत येतो यावर कुणाचा विश्वास नव्हता. आणि आला तरी त्याला पंक्तीला घ्यायचं का, हा प्रश्न होताच. त्या परत आल्या. नोव्हेंबर १८८६, मुंबई. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या विभागाची जागा ठरलेली होती. पण क्षय अंगात भिनलेला होता. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. साडेतीन वर्षं परत येण्यासाठी काढली आणि आल्यावर जेमतेम तीन महिने मिळाले.

आणि त्यांच्या अस्थी परत अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाई राहायच्या, त्यांना आनंदीबाई मावशी म्हणत. गोपाळरावांनी अस्थी त्यांच्याकडे पाठवल्या, आणि कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत त्या पुरल्या. रोझेल आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. (बघा, परत 'आमच्या घरापासून'.) पकिप्सीला मी एकदा गेलो होतो, आईबाबा आले होते त्याच वर्षी, त्यांना घेऊन. हडसनच्या काठाने वर जायचं. साधा दगड आहे, त्यावर नाव, एम.डी. ही अक्षरं आणि दोन सालं. आईने पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली आणि इकडेतिकडे बघून दगडाला बोट लावलं. बाबा बराच वेळ त्या सालांकडे बघत होते. मग म्हणाले, "ज्या साली डोंबिवलीला स्टेशन झालं, त्याच साली ही गेली." त्यांचं सगळं कॅलेंडर रेल्वेवर चालतं.

परत येणं नेमकं कुठे येणं असतं, हा घोळ आमच्या भागात नवा नाही. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायली मंडळींचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं, घरात मराठी, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून जुन्या कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ इस्रायलला गेले, प्रार्थनेत शेकडो वर्षं जिथे परतायचं म्हणत आले तिथे. गेल्यावर काहींना तिथली वागणूक सोसेना. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका गटाने तिथे सत्याग्रह केला आणि आम्हाला परत पाठवा म्हणून आग्रह धरला. १९५२ मध्ये त्यांना विमानाने भारतात आणलं गेलं. आणि मग त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुन्हा इस्रायलला जायचा अर्ज केला! बाबांचे ऑफिसातले एक स्नेही ठाण्याचे, त्यांची बहीण तिकडे आहे. ती भावाला भेटायला आली की पहिले चार दिवस 'आमच्याकडे' असं नसतं, 'आमच्याकडे' असं असतं, म्हणायचे ते. म्हणजे एकच शब्द ती दोन्ही देशांबद्दल वापरते, आणि कुठल्या वेळी कुठला देश ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. आणि कल्याणपलीकडे उल्हासनगर. युद्धकाळातली लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी भरली, १९४९ साली तिला हे नाव मिळालं. त्यांना हा घोळच नव्हता. जायलाच काही उरलं नव्हतं.

तर मी हिशेब केला. करायला नको होता, पण रात्री तीन वाजता टक्क जागं असताना माणूस दुसरं काय करणार. बाबांच्या वहीप्रमाणे १९६२ ते १९८९ या काळात ते ४१ वेळा गावी गेले. रात्री मोजल्या: ४१२. मग मी माझे तीन पासपोर्ट काढले आणि शिक्के बघितले. १९९९ ते २०२५, फेऱ्या १७, रात्री ३८६. मला वाटलं होतं माझा आकडा त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. चारशे किलोमीटर आणि साडेबारा हजार किलोमीटर, आणि आईवडिलांच्या छपराखाली काढलेल्या रात्री जवळपास सारख्या. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे मीच कमी पडलो. मला तर एस.टी. होती."

माझ्या शिक्क्यांमध्ये दोन मोठ्या फटी आहेत. पहिली २००३ ते २००६. ग्रीन कार्डाचा अर्ज मध्यावर, व्हिसाच्या स्टॅम्पिंगला गेलो आणि अडकलो तर, ही भीती. त्याच काळात २६ जुलै २००५चा पाऊस झाला. उल्हास नदीने कल्याण-बदलापूरकडे हाहाकार केला, आणि दीड दिवस डोंबिवलीचा फोन लागला नाही. मी ऑफिसात बसून रीडायल दाबत होतो. आईबाबा तिसऱ्या मजल्यावर व्यवस्थित होते, खालच्या दोन घरांना वर घेऊन पिठलं-भात खात होते. मला ते छत्तीस तासांनी कळलं.

दुसरी फट २०१९ ते २०२२. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, नेहमीची सेवा सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडलं. पावसाळ्यातल्या बोटींसारखंच, पण दोन वर्षांचा पावसाळा. जुलै २०२० मध्ये आई न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला. बिल्डिंगमधल्या तिघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं, तोंडाला फडकी बांधून. त्यातला एक स्वतः सत्तरीचा. मी ते फोनच्या पडद्यावर बघितलं.

सगळ्यांना मी आजवर हेच सांगत आलो की विमानं बंद होती. ते खरं आहे आणि नाहीही. खास विमानं होती. घरच्या आजारपणासाठी येऊ देत होते, कागद जमवावे लागत होते, विलगीकरणात दिवस काढावे लागत होते, परत शिरायला मिळेल का याची खात्री नव्हती. मुलीचं बारावीचं वर्ष होतं, कंपनीत माणसं कमी करत होते. मी फॉर्म उघडला होता. अर्धा भरला होता. वहीतल्या भाषेत सांगायचं तर: विचारलं नाही.

बाबांनी मला त्याबद्दल कधीच काही म्हटलं नाही. एका शब्दानेही नाही. मी त्याला त्यांचा समजूतदारपणा समजत होतो, आणि मनातून थोडा घाबरतही होतो, कारण न बोललेलं साठत असतं. ती १९७६ची पानं वाचेपर्यंत मला कळलं नव्हतं की ते का बोलत नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं फडके रोडपर्यंत चाललो. म्हणजे रिक्षाने गेलो, आणि गणपतीच्या देवळापाशी दहा मिनिटं चाललो. बाबांना मध्ये मध्ये थांबावं लागतं, थांबल्यावर ते दुकानाच्या पाट्या वाचल्यासारखं करतात. तिथे उभे असताना म्हणाले, "ही बिल्डिंग पडायच्या आत एकदा जाऊन यायला हवं."

म्हटलं, "कुठे?"

ते माझ्याकडे बघून हसले. "घरी," म्हणाले. "तिकडच्या."

गावच्या घराची आता एक भिंत आणि तुळशीवृंदावन उरलंय, चुलतभाऊ शेजारी राहतो. १९८९ नंतर बाबा चार-पाचदाच गेले असतील. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८च्या जानेवारीत, तोवर आजीला जाऊन नऊ वर्षं झाली होती. गाडीने आईला भेटायला जाणं त्यांना मिळालंच नाही. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, पण तक्रार म्हणून नाही, गाडी चुकल्याचं सांगतात तसं.

मे महिन्याचं तिकीट काढलंय. अमेरिकेतल्या नोकरदाराने मेमध्ये भारतात जाणं म्हणजे वेडेपणा, उन्हाने जीव जातो, असं बायको म्हणाली, पण तिने अडवलं नाही. बिल्डिंग जूनपर्यंत खाली करायची आहे. त्याआधी मी आणि बाबा राजापूरला जाणार. आईचा खुबा प्रवासाला परवानगी देत नाही. ती मावशीकडे ठाण्याला राहील, आणि पन्हं, कोकम, गोळ्यांचा डबा यांची यादी तिने आत्ताच करून ठेवली आहे. माझं म्हणणं की ठाण्याहून तुतारीचं एसीचं रिझर्वेशन करावं. बाबांचं म्हणणं की दिवा-सावंतवाडी पॅसेंजर, दिवा तर आपल्याला दोन स्टेशनांवर, आणि ती प्रत्येक स्टेशनावर थांबते, बघत बघत जाता येतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी मे महिन्यात पॅसेंजर! काल रात्रीही फोनवर यावरच अर्धा तास गेला. शेवटी आईने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "त्यांनी ती लाल वही पिशवीत भरून पण ठेवलीय रे, आता तूच सांग."